कोकण फिरायला हलका कॅमेरा कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरच्या शेवटी आईवडिलांना घेऊन गाडीने हरिहरेश्वरहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. घरचा डीएसएलआर आणि त्याच्या दोन लेन्स मिळून दीड किलोच्या वर जातात, खांदा दुखतो, म्हणून तो न्यायचा नाही. फोन चांगला आहे, पण मागच्या खेपेला दशावताराचे, म्हणजे जत्रेत रात्री होणाऱ्या लोकनाट्याचे, फोटो पुसट आले आणि हर्णैला संध्याकाळी लांबच्या होड्या झूम केल्यावर नुसते रंगाचे डाग उरले. म्हणून खिशात मावेल असा, झूमवाला आणि जमल्यास वॉटरप्रूफ कॅमेरा हवा आहे. शिवाय जुना डीएसएलआर विकावा का, हेही विचारलंय.

मालवणात माझा स्टुडिओ आहे. लग्नं, जत्रा, बंदरावरची कामं ही रोजचीच. सीझनमध्ये पर्यटकांचे अडकलेले आणि भिजलेले कॅमेरेही माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे इथली हवा कॅमेऱ्याचं काय करते ते मी जवळून बघतो. दुकानातला माणूस तुम्हाला मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे सांगेल. मी थोडं वेगळ्या बाजूने सांगतो.

आधी फोनबद्दल बोलू. फोनवर दशावतार पुसट का आला हे कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. अंधारात फोन एक फोटो काढत नाही. एकामागोमाग बरेच फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवून एक करतो. संध्याकाळचा समुद्र, देवळासमोरची पेटलेली दीपमाळ अशा जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींना हे छान जमतं. पण दशावतारातला राजा गिरकी घेत मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, आला की त्या प्रत्येक फोटोत तो वेगळ्या जागी असतो, मग सगळं मिळून चेहरा सारवल्यासारखा दिसतो. झूमचं दुखणं वेगळं. बहुतेक फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, बऱ्यापैकी मोठा असतो, लांबचं जवळ आणणाऱ्या टेलि लेन्सच्या मागचा मात्र लहान. उजेड कमी पडला की कित्येक फोन टेलि लेन्स वापरतच नाहीत, मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो मधून कापून मोठा करून दाखवतात. हर्णैच्या तुमच्या होड्यांचं बहुधा हेच झालं असणार.

म्हणून पैसे घालण्याआधी एक करून बघा. घरातली माणसं चालती-फिरती असताना, रात्री ट्यूबच्या उजेडात, नाईट मोड बंद करून आणि झूम न करता फोटो काढा. तेवढ्याने समाधान झालं तर कॅमेऱ्याचे पैसे वाचतील. दिवसाउजेडी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, जेवणाचं ताट, आईवडिलांचा देवळाच्या पायरीवरचा फोटो यांसाठी वेगळा कॅमेरा घेऊच नका. तिथे आजचा चांगला फोन कुठेही कमी पडत नाही, उलट फोटो घरच्यांना लगेच पाठवताही येतो.

आता कॅमेरा. अंधारात चालणारा, लांबचं जवळ आणणारा आणि पाण्याला न घाबरणारा, अशा तीन अपेक्षा तुम्ही ठेवल्या आहेत. खिशातल्या आकारात या तिन्ही एकत्र मिळत नाहीत. अंधारासाठी सेन्सर मोठा लागतो आणि भिंगाचं तोंडही मोठं लागतं. सेन्सर मोठा झाला की त्याला पुरेल अशी लांब पल्ल्याची लेन्सही मोठी होते, आणि मग कॅमेरा खिशाबाहेर जातो. पाण्यासाठी सगळं बंद पेटीत ठेवावं लागतं, म्हणजे लेन्स बाहेर येता कामा नये, म्हणजे पुन्हा सेन्सर लहान ठेवावा लागतो. थोडे आकडे देतो. वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांतला नेहमीचा सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. तुमच्या डीएसएलआरमधला बहुधा एपीएस-सी असेल, तो ३३० ते ३७० च्या घरात. खिशातला कॅमेरा म्हणताना आपण मधल्या एक इंचीपाशी थांबतो. तिथे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास राहतं आणि फोटो घरात फ्रेम करून लावण्याइतका उतरतो.

तिघांतलं काय सोडायचं? तुमच्या प्रवासासाठी मी सगळ्यात आधी वॉटरप्रूफ सोडेन. डिसेंबरात पाऊस नाही. तारकर्लीला किंवा मालवणला स्नॉर्कलिंग केलंत तर नेणारे बहुतेक जण पाण्याखालचं शूटिंग स्वतःच करून देतात. ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा कॅमेरा चांगलाच आहे. २४९ ग्रॅम वजन, १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, हातातून पडला तरी बहुतेक वेळा निभावतो. पण २५ ते १०० मिमीच्या (मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) त्याच्या लेन्सचं तोंड लांबच्या टोकाला एफ ४.९ होतं (एफचा आकडा मोठा तितकं तोंड लहान) आणि सेन्सर तो लहानवाला. एक इंची सेन्सरवर एफ २.८ ला जेवढा प्रकाश जमतो, त्याच्या साधारण बाराव्या हिश्श्यावर याला भागवावं लागतं. दशावतारात हा तुमच्या फोनच्याही मागे पडेल. हाच प्रवास जुलैत करणार असता, किंवा बरोबर पाण्यातून बाहेर न येणारी लहान मुलं असती, तर मी डोळे मिटून टीजी-७ सांगितला असता. फोनवर पाण्यापासून बचावाची खूण म्हणून आयपी ६८ लिहिलेलं असतं त्याच्या भरवशावरही समुद्रात उतरू नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते.

राहिलं अंतर आणि अंधार. इथे लोक झूमकडे ओढले जातात, कारण दुकानात दोन सेकंदांत दिसतो तो झूम. मी मात्र अंधाराच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. अंतर बऱ्याच वेळा चालून किंवा थांबून मिटतं. हर्णैच्या होड्या दूर नांगरलेल्या असतात हे खरं, पण मासळी शेवटी पुळणीवरच येते आणि लिलावही तिथेच होतो. तासभर आधी जाऊन उभं राहिलात तर टोपल्या, माणसं, बोली लावणारे हात सगळं दहा फुटांवर असतं. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तेव्हाही तसंच, दोराच्या शेजारी उभं राहता येतं, तिथे ३५ मिमीसुद्धा पुरतं. अंधाराचं मात्र असं काही करता येत नाही. दहीकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, रात्री जो उजेड असेल त्यातच भागवावं लागतं.

आता प्रत्यक्ष कॅमेरे. तुमच्या गरजेला सगळ्यात जवळ येतो तो कॅननचा जी५एक्स मार्क २, २०१९ सालचा. २४ ते १२० मिमी, तोंड एफ १.८ ते २.८, एक इंची सेन्सर, ३४० ग्रॅम, आणि डोळा लावून बघायचा, वर उघडणारा व्ह्यूफाइंडर. १२० मिमीला एफ २.८ राहतो हे या आकारात फार कमी कॅमेऱ्यांत सापडतं. अडचण अशी की नवा मिळणं कठीण, वापरलेला शोधावा लागेल. त्याचाच भाऊ जी७एक्स मार्क ३, २४ ते १०० मिमी, तोच एफ १.८ ते २.८, ३०४ ग्रॅम. याला व्ह्यूफाइंडर नाही. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत मार्क ३, ४ आणि ५ हे २४ ते ७० मिमी आणि एफ १.८ ते २.८ आहेत, व्ह्यूफाइंडरसह. मार्क ६ आणि ७ मध्ये सोनीने झूम २०० मिमीपर्यंत नेला, पण तोंड एफ २.८ ते ४.५ झालं. मार्क ७ चं फोकसिंग अप्रतिम आहे, दिवसा त्याच्यासारखा खिशातला कॅमेरा मी हाताळलेला नाही. तरीही रात्रीच्या खेळात एफ ४.५ म्हणजे एफ २.८ च्या मानाने अडीच पटीहून जास्त प्रकाश गेला. जिथे आयएसओ (मंद प्रकाश वाढवून दाखवायचा आकडा) १६०० वर भागलं असतं तिथे ४००० लागतो, आणि राजाच्या जरीत दाणे दिसायला लागतात.

झूम कमी पडेल ही तुमची भीती मी समजू शकतो, म्हणून हिशेब सांगतो. या कॅमेऱ्यांचा फोटो २० मेगापिक्सेलचा, म्हणजे ५४७२ बाय ३६४८ पिक्सेल. १२० मिमीला काढलेल्या फोटोचा मधला भाग लांबी-रुंदी निम्मी ठेवून कापला, तर २४० मिमीला दिसलं असतं तेवढं दृश्य हाती येतं आणि २७३६ बाय १८२४ पिक्सेल उरतात. तेवढ्यात ९ बाय ६ इंचाचा फोटो स्वच्छ छापला जातो. आल्बमसाठी आणि फोनवर बघायला ते भरपूर झालं.

पक्षी हाच तुमचा जीव असेल तर मात्र माझं उत्तर बदलतं. माडावर किंवा सुरूवर बसलेला समुद्री गरुड चालत गेल्याने जवळ येत नाही. अशा माणसाने पॅनासॉनिकचा टीझेड२०० बघावा. ३६० मिमीपर्यंत जातो, सेन्सर एक इंचीच, वजन ३४० ग्रॅम. तोंड एफ ३.३ ते ६.४, म्हणजे सूर्य मावळला की तो पिशवीत ठेवायचा. डॉल्फिनसाठी म्हणून कुठलाच कॅमेरा घेऊ नका. पाठ क्षणभर वर येते आणि जाते, हलत्या होडीतून खिशातला कॅमेरा तिथे फोकस धरेपर्यंत पाणी सपाट झालेलं असतं. तिथे व्हिडिओ चालू ठेवा आणि डोळ्यांनी बघा.

रिको जीआर ३ बद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून दोन शब्द. २५७ ग्रॅम, डीएसएलआरएवढा सेन्सर, जाडी इतकी कमी की सदऱ्याच्या खिशात जातो. चित्र अतिशय सुंदर. पण २८ मिमीची एकच लेन्स, झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, आणि धुळीला तो नाजूक आहे. गल्ल्यांतून एकट्याने फिरणाऱ्याला द्यावा, कुटुंब घेऊन किनाऱ्यावर निघालेल्याला नाही. फुजीफिल्मचा एक्स१०० व्हीआय ५२१ ग्रॅमचा आहे, तुमच्या प्रश्नात तो बसत नाही.

व्ह्यूफाइंडरवर मी एवढा जोर देतोय त्याचं कारण दुपारी बारा वाजता तारकर्लीच्या पांढऱ्या पुळणीवर उभं राहिलं की लगेच कळतं. स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं, फोटोत काय आलं ते दिसत नाही. वडिलांना चष्मा असेल तर आणखी कठीण. व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा घेतलात तर स्क्रीनची ब्राइटनेस पूर्ण वाढवायची, शरीराची सावली पाडायची आणि फोटोवर प्रकाशाचा आलेख (हिस्टोग्राम) चालू ठेवायचा. चालतं, पण हात दुखतात. दुसरी गोष्ट वर-खाली वळणारा स्क्रीन. वाटेत रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची (कातळाच्या पठारांवरची) कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली चित्रं, बघणार असाल तर तो लागेलच. काशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभं राहून २४ मिमीतही पुरा मावत नाही. हात वर करून, स्क्रीन खाली वळवून, वरून काढावा लागतो. आणि तिथे सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरच जा. कोरीव रेघ उथळ आहे, तिरप्या उन्हाची सावली तिच्यात पडली तरच ती दिसते. दुपारी नुसता कातळ दिसेल, मग कॅमेरा कितीही भारी असो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो त्याकडे येतो. सांगितलेल्यांपैकी टीजी-७ सोडला तर कुठलाही कॅमेरा खाऱ्या हवेसाठी आणि वाळूसाठी बंदिस्त केलेला नाही. चालू केला की लेन्स नळीतून बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि येता-जाता लोहाराच्या भात्यासारखी बाहेरची हवा ओढून घेते. त्या हवेबरोबर वाळूचा बारीक कण नळीच्या फटीत बसतो. माझ्याकडे येणाऱ्या अडकलेल्या कॅमेऱ्यांत बहुतेकांची कहाणी हीच असते. लेन्स अर्धी बाहेर, मोटर कुरकुरतेय, स्क्रीनवर लेन्स एररचा संदेश. मालकाने हाताने आत ढकललेली असेल तर आतले प्लास्टिकचे दाते गेलेले असतात आणि मग दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीशी स्पर्धा करते. असं झालं तर ढकलू नका. बॅटरी काढा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा, हवेच्या रबरी फुग्याने फटीत चारी बाजूंनी फुंका, मग बॅटरी घालून चालू करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो.

ते होऊच नये म्हणून करायचं ते सोपं आहे. पुळणीवर कॅमेरा खाली ठेवायचा नाही, टॉवेलवरसुद्धा नाही. सारखा चालू-बंद करायचा नाही, पुळणीवर पोचण्याआधी चालू करायचा आणि बाहेर आल्यावर बंद करायचा. त्याने बॅटरी जास्त जाते, म्हणून जोडीला दुसरी ठेवायची, या कॅमेऱ्यांची एक बॅटरी जेमतेम दोन-अडीचशे फोटो देते. मनगटात पट्टा हवाच. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गला जाताना होडीत चढताना एक हात नावाड्याच्या हातात असतो, दुसऱ्यात कॅमेरा असतो, आणि लाट विचारून येत नाही.

वेळ निवडता आली तर सकाळ निवडा. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे रोजचे आहेत. पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, हवा स्वच्छ असते. दुपार चढली की तो उलटा फिरतो आणि लाटांचे बारीक तुषार घेऊन किनाऱ्यावर येतो. दोन तास किनाऱ्यावर काढल्यावर चष्म्याच्या काचेवरून बोट फिरवा, चिकट लागेल. तोच थर लेन्सवर बसतो. तो सुक्या रुमालाने पुसायचा नाही, कारण वाळल्यावर त्यात मिठाचे कण असतात आणि काचेवरचा लेप त्याने ओरखडतो. आधी फुग्याने फुंकायचं, मग स्वच्छ सुती कापड गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, त्याने कॅमेऱ्याचं अंग आणि लेन्सची कड पुसायची, लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. काचेला चष्म्याचं मऊ कापड. मुक्कामावर पोचल्यावर चहाच्या आधी हे पाच मिनिटांचं काम केलं की कॅमेरा वर्षानुवर्षं टिकतो.

गाडीच्या एसीचंही लक्षात ठेवा. थंडगार गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की दमट हवा त्याच्यावर पाणी होऊन बसते, बाहेर दिसते तशी आतल्या भिंगांवरही. पोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा, किंवा कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या आणि बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावर काढा.

वाटेतल्या फेरीबोटींवर, म्हणजे बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, फोटो छान मिळतात. तिथे कठड्यावर कोपर टेकवून काढू नका. टेकलं की हात स्थिर होईल असं वाटतं, पण इंजिनाची थरथर कठड्यातून थेट कॅमेऱ्यात येते. मोकळं उभं राहा, कोपर बरगड्यांना लावा.

दशावतारासाठी कॅमेरा घरीच नीट लावून ठेवा, मांडवात अंधारात मेनू शोधत बसू नका. फ्लॅश बंद आणि फोकससाठी लागणारा पुढचा लाल-पिवळा दिवाही बंद, नाहीतर नटाच्या डोळ्यांवर तो चमकतो. शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, एक शंभरांश सेकंद. याला कारण आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. शटर शंभरांशावर ठेवलं की प्रत्येक फोटोत एक पुरा फेरा येतो. त्याहून जलद ठेवलं तर एक फोटो उजळ, पुढचा काळपट असं होतं, आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोवर आडवे पट्टे येतात. तेव्हा सायलेंट नको. तोंड जितकं उघडेल तितकं उघडं, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. मागे काळा पडदा असतो, तो बघून कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो आणि रंगवलेले चेहरे पांढरे फटक पडतात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे दोन-तृतीयांशावर आणा. पुळणीवर याच्या उलट, अधिक दोन-तृतीयांश, नाहीतर पांढरी वाळू राखाडी येते.

शंभरांश सेकंदाला गिरकी थिजत नाही. पण पात्र गिरकी संपवून तलवार उगारतं आणि बोलण्याआधी क्षणभर थांबतं. मृदंगाची थाप तिथेच पडते. दोन-तीन प्रवेश नुसते ऐकलेत की ती जागा कळायला लागते, मग शटर त्या थापेवर दाबायचं. बसायचं पुढे पण बाजूला, मागच्या म्हाताऱ्या माणसांच्या नजरेआड न येता. स्क्रीनचा उजेड कमी करा, व्ह्यूफाइंडर असेल तर स्क्रीन बंदच करा. रंग चढवत असतानाचे फोटो हवे असतील तर आधी विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत, पण न विचारता कॅमेरा पुढे केलेला कुणालाच आवडत नाही.

वापरलेला कॅमेरा घेणार असाल तर हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दहा-पंधरा वेळा चालू-बंद करा आणि कान देऊन ऐका, लेन्स येता-जाता खरखर आली तर आत वाळू आहे. तोंड एफ ११ ला लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, मोठा करून बघा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती धूळ घरी साफ होत नाही. फोनचा टॉर्च लावून लेन्समध्ये तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. शेवटी बॅटरीचा कप्पा उघडा आणि ट्रायपॉडच्या स्क्रूचं भोक बघा. हिरवट डाग किंवा गंज असेल तर तो कॅमेरा समुद्रावर राहिलेला आहे, विकणारा काहीही म्हणो. नवा घेतलात तर भारतातली वॉरंटी असलेलं बिल मागा. आणि सोबतच्या पॉवरबँकेवर तो चार्ज होतो का ते घरीच बघून घ्या, काही कॅमेऱ्यांना पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जरच लागतो.

बजेट तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे क्रमच सांगतो. चांगल्या स्थितीतला जी५एक्स मार्क २ मिळाला तर तो. नाही मिळाला आणि नवाच हवा असेल तर जी७एक्स मार्क ३, व्ह्यूफाइंडर नाही हे मान्य करून. पैसे कमी असतील तर वापरलेला आरएक्स१०० मार्क ३, जुना असला तरी दशावतार त्यावर नीट येतो. जत्रा नसेलच आणि दिवसाचंच फिरणं असेल तर आरएक्स१०० मार्क ७. प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, म्हणजे हात बसेल.

डीएसएलआर आत्ता विकू नका. त्याला मिळणारी किंमत आज फार नाही, आणि नव्या कॅमेऱ्यावर तुमचं मन बसतं की नाही हे फिरून आल्यावरच कळेल. तोवर त्याच्या लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कोंडून ठेवू नका. भांड्यांच्या दुकानात रबरी रिंगचा हवाबंद डबा मिळतो, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की पुड्या तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा घाला. तांदळात पुरून ठेवतात तसं करू नका, तांदळाचं पीठ लेन्सच्या रिंगमध्ये जातं. बरेच दिवस बंद असेल तर आजच काढून त्या दोन्ही लेन्स फोनच्या टॉर्चने तिरक्या बघा. तंतू दिसले तर त्या लेन्स बाकीच्या सामानापासून वेगळ्या ठेवा आणि साफ करायला द्या.